पेटाऱ्यातला राजा आणि सोंगाड्या

कैदेतल्या राजाची सुटका हा गंभीर नाटकाचा विषय, असे आपण धरून चालतो. पण ही गोष्ट खरी खुलते ती सोंगाड्याच्या हाती. घोड नदीवरच्या डिंभ्यापासून शिवनेरीच्या पायथ्यापर्यंतच्या मुलखाला हे वेगळे सांगायला नको. जत्रेच्या तमाशाची सुपारी नारायणगावच्या राहुट्यांत द्यायची आणि गण, गवळण, बतावणी झाली की वगाला सरसावून बसायचे, ही इथली रीत. 1865 च्या सुमारास उमाजी सावळजकरांच्या 'मोहना बटाव'पासून वग रुजला आणि पुढे त्यात शिवकाळही आला. शिवरायांच्या आग्र्याच्या कैदेची हकिगत तर वगासाठीच घडल्यासारखी आहे. 12 मे 1666 ला औरंगजेबाच्या दरबारात अपमान, मग चौकी-पहारे आणि 17 ऑगस्टला राजे पसार. पेटाऱ्यात बसून निघून गेल्याची नोंद जेधे शकावलीतही आहे. परंपरेने त्यात रंग भरला: आजाराचे सोंग, मिठाईचे पेटारे, राजांच्या जागी निजलेल्या हिरोजी फर्जंदाचा पांघरुणाबाहेर काढलेला हात आणि त्यातली राजांची अंगठी. पहारेकरी डोकावतो, अंगठी बघतो आणि निर्धास्त परततो. तलवार उपसली जात नाही. सगळे काम वेषांतर आणि फजिती करतात.

यावर पहिला आक्षेप इतिहासाचा. याच परंपरेतला, निजलेल्या हिरोजीचे पाय चेपणारा मदारी मेहतर समकालीन कागदांत सापडत नाही, असे अभ्यासक म्हणतात. ते मान्य करूनही प्रश्न उरतो: लोकांना तो हवासा का वाटला? पॅरिसमध्ये 1784 साली ग्रेत्रीने संगीत दिलेल्या 'रिशार'च्या सुखान्त संगीतिकेतही असेच घडते. 1192 मध्ये व्हिएन्नाजवळ पकडलेला इंग्लंडचा राजा रिचर्ड प्रत्यक्षात सुटला तो प्रचंड खंडणी भरून; रंगमंचावर मात्र आंधळ्याचे सोंग घेतलेला गायक ब्लाँदेल त्याला गाण्यावरून शोधून काढतो. खंडणीचा हिशेब जत्रेत रंगत नाही. राजाच्या सुटकेत आपल्यासारख्या माणसाचा हात असावा, ही प्रेक्षकाची मागणी दोन्हीकडे सारखीच.

दुसरा आक्षेप मानाचा: हशा पिकला की राजाची थोरवी उणावते. पॅरिसचा दाखला उलट आहे. 1789 च्या ऑक्टोबरात व्हर्सायच्या मेजवानीत राजनिष्ठ अधिकाऱ्यांनी निष्ठा दाखवायला याच संगीतिकेतले गाणे म्हटले आणि क्रांतिकारक खवळले. हसवणाऱ्या खेळातून निष्ठा इतकी धारदार निघू शकते. वगकाराने सांभाळायचे ते एवढेच, की फजिती आग्र्याचा कोतवाल फौलादखान याच्या पहाऱ्याची व्हावी. कोतवाल जितका हास्यास्पद, तितकी त्याला चकवणाऱ्याची अक्कल मोठी दिसते.