प्राध्यापक आंबेडकर

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात बॅकबेच्या भरावासाठी कांदिवलीच्या खाणीतून दगड जात असे, हे आम्हां कांदिवलीकरांना ठाऊक असते, निदान असावे. समुद्र हटवून मिळविलेल्या त्या भूमीवर, चर्चगेटजवळ, आज सरकारी विधी महाविद्यालय उभे आहे. तेव्हा त्या विद्यालयातील एका थोर गुरूचे स्मरण येथे करण्याचा थोडासा हक्क आम्हांस पोहोचतो. ते गुरू म्हणजे डॉ. भीमराव आंबेडकर. घटनेचे शिल्पकार म्हणून त्यांचे पुतळे आम्ही उभारले. वर्गात खडू हाती घेऊन उभे राहिलेले आंबेडकर मात्र त्या पुतळ्यांआड गेले.

सिडनहॅम कॉलेजात १९१८ साली ते अर्थशास्त्र शिकवू लागले, तेव्हा प्राध्यापकांच्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी शिवू नये म्हणून काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली होती. विद्वानांची ही शिवाशिव! पुढे जून १९२८ मध्ये ते लॉ कॉलेजात प्राध्यापक झाले. त्याच वर्षी सायमन कमिशनला साहाय्य करणाऱ्या प्रांतिक समितीवर त्यांची निवड झाली आणि विद्यार्थ्यांनी त्यांच्या तासांवर बहिष्कार टाकला. गुरुभक्तीच्या गोड कथा सांगण्यापेक्षा हा प्रसंग आठवणे आम्हांस अधिक प्रामाणिकपणाचे वाटते. त्या तरुणांचा संताप खोटा नव्हता. परंतु ज्यांना ते सरकारचे हस्तक म्हणत होते, त्यांनी मे १९२९ मध्ये समितीच्या अहवालावर सही न करता आपला स्वतंत्र अहवाल दिला, आणि त्यात प्रौढ मताधिकार व राखीव जागांसह संयुक्त मतदारसंघ मागितले. सर्वांना मत असावे, ही मागणी त्या काळी किती जणांच्या तोंडी होती?

१९३५ च्या २७ मे रोजी रमाबाई गेल्या. घरावर ती कळा असतानाच जूनच्या आरंभी त्यांची त्याच कॉलेजचे प्राचार्य म्हणून नेमणूक झाली. मुख्य न्यायाधीश सर अर्स्किन पेरी यांच्या नावाचे न्यायशास्त्राचे अध्यासनही त्यांच्याकडे आले. दुसऱ्याच वर्षी कॉलेजच्या नियतकालिकात त्यांनी कायद्याच्या शिक्षणातील सुधारणेवर लेख लिहिला. नुसती कलमे घोकून वकील होत नाही. कायद्याची मूलतत्त्वे, व्यापक सामान्यज्ञान आणि मुद्दा सुसंगतपणे मांडण्याची हातोटी त्याला हवी, असा त्यांचा आग्रह. सप्टेंबर १९३७ मध्ये कोकणातील कुळांसाठी खोती नष्ट करण्याचे विधेयक त्यांनी कायदेमंडळात मांडले, तेव्हाही ते प्राचार्यच होते. न्यायशास्त्राचा याहून जिवंत तास कोणता असेल!

१९३८ साली त्यांनी ते पद सोडले. पण शिकविण्याची ओढ सुटली नाही. १९४६ साली त्यांच्या संस्थेने सिद्धार्थ कॉलेज काढले, तेथील वर्ग सकाळी भरत, म्हणजे दिवसा नोकरी करणाऱ्या मुलांनाही शिकता यावे. १९५६ साली त्याच संस्थेचे विधी महाविद्यालय मुंबईत सुरू झाले. त्याच वर्षीच्या ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले.