लोकप्रियतेचा आकडा आणि निर्मलचा नागरिक : राष्ट्रीय नेत्यांविषयीच्या जनमत पाहण्यांचा इतिहास

प्रास्ताविक

देशाच्या पंतप्रधानांविषयी किती टक्के लोक समाधानी आहेत, याचे आकडे वृत्तपत्रांत व दूरचित्रवाणीवर वरचेवर प्रसिद्ध होत असतात. महाविद्यालयीन वर्गातही ते उदाहरण म्हणून दिले जातात. परंतु हा आकडा कोणी काढला, कोणाला विचारून काढला आणि कोणता प्रश्न विचारून काढला, याची चर्चा मात्र क्वचितच होते. तेलंगणातील निर्मल हे गाव या चर्चेसाठी सोयीचे आहे. २०१६ पर्यंत निर्मल आदिलाबाद जिल्ह्यात होते. त्या वर्षी ते स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण झाले. या परिसरात तेलुगू, उर्दू, मराठी, गोंडी, कोलामी आणि लंबाडी अशा अनेक भाषा बोलल्या जातात. अशा बहुभाषिक, सीमावर्ती भागाचे मत राष्ट्रीय आकड्यात कितपत उतरते, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

मतदान, सार्वमत आणि नमुना पाहणी

लोकमत मोजण्याची तीन साधने आहेत. मतदानात प्रत्येक मतदार उमेदवार निवडतो. सार्वमतात तो एका प्रश्नाला होय किंवा नाही असे उत्तर देतो. नमुना पाहणीत मात्र थोड्या निवडक लोकांच्या उत्तरांवरून सर्वांच्या मताचा अंदाज बांधला जातो. मराठी वाचकाच्या मनात या संज्ञांची सरमिसळ होण्यास एक ऐतिहासिक कारण आहे. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित राहावे, यासाठी १६ जानेवारी १९६७ रोजी झालेले मतदान ‘ओपिनियन पोल’ म्हणूनच ओळखले जाते. त्यात विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० तर विरुद्ध १,७२,१९१ मते पडली. नाव काहीही असले तरी ते सार्वमत होते. तेथे अंदाजाला जागा नव्हती. प्रत्येक मत प्रत्यक्ष मोजले गेले. नेत्याच्या लोकप्रियतेची टक्केवारी या प्रकारची नसते, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे.

अमेरिकेतील उगम

नेत्याच्या कारभाराविषयी लोकांना ठराविक काळाने एकच प्रश्न विचारण्याची पद्धत अमेरिकेत रुजली. १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना टपालाने पत्रिका पाठविल्या. वीस लाखांहून अधिक उत्तरे आली. त्यांच्या आधारे साप्ताहिकाने आल्फ्रेड लँडन यांच्या विजयाचे भाकीत केले. प्रत्यक्षात फ्रँकलिन रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत विजयी झाले. पत्ते प्रामुख्याने दूरध्वनी व मोटारगाड्या बाळगणाऱ्यांच्या याद्यांतून घेतले होते. मंदीच्या त्या काळात गरीब मतदार या याद्यांत फारसा नव्हताच. शिवाय ज्यांनी उत्तरे धाडली त्यांची मते इतरांहून वेगळी होती. त्याच निवडणुकीत जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी लहान पण विचारपूर्वक निवडलेल्या नमुन्यावरून रूझवेल्ट यांचा विजय वर्तविला. नमुना केवळ मोठा असून भागत नाही, तो समाजाचे प्रतिबिंब असावा लागतो, हा धडा तेव्हापासून सर्वमान्य झाला.

पुढे गॅलप संस्थेने ‘अध्यक्ष आपले काम ज्या रीतीने करीत आहेत ते तुम्हांला मान्य आहे की अमान्य?’ या आशयाचा प्रश्न वर्षानुवर्षे विचारला. त्यातून एकाच नेत्याची चढउतार दिसू लागली. हॅरी ट्रुमन यांना १९४५ मध्ये ८७ टक्के मान्यता होती. १९५२ मध्ये ती २२ टक्क्यांवर आली. या मालिकेचे बळ प्रश्न न बदलण्यात आहे. मात्र हा प्रश्न अध्यक्षीय पद्धतीत जन्मला, हेही विसरता येत नाही. भारतात मतदार पंतप्रधानाची थेट निवड करीत नाही. तो आपल्या मतदारसंघातील उमेदवाराला मत देतो.

भारतातील पाहण्या

भारतात या कार्याचा आरंभ एरिक दा कोस्टा यांनी केला. त्यांच्या पुढाकाराने १९५० च्या दशकात दिल्लीत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक ओपिनियन ही संस्था उभी राहिली. नेते, पक्ष व परराष्ट्र धोरण यांविषयी तिने नियमित पाहण्या केल्या. तथापि त्यांतील अनेक पाहण्या दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास या महानगरांतील साक्षर प्रौढांपुरत्या होत्या. १९६१ च्या जनगणनेनुसार देशातील साक्षरता ३० टक्क्यांच्याही खाली होती. म्हणजे निर्मलसारख्या गावातील खेळणी घडविणारा कारागीर, विडी वळणारी स्त्री किंवा परिसरातील गोंड शेतकरी या मोजणीच्या कक्षेत येतच नव्हता. त्या आकड्यांना ‘देशाचे मत’ म्हणणे हे ‘लिटररी डायजेस्ट’चीच चूक वेगळ्या रीतीने करण्यासारखे होते.

१९६३ मध्ये रजनी कोठारी यांनी दिल्लीत सेंटर फॉर द स्टडी ऑफ डेव्हलपिंग सोसायटीज ही संस्था स्थापन केली. १९६७ पासून तिने राष्ट्रीय निवडणूक अध्ययन हाती घेतले. मध्यंतरी खंड पडला. १९९६ मध्ये हे कार्य पुन्हा सुरू झाले आणि १९९७ पासून ‘लोकनीती’ या कार्यक्रमाखाली चालू राहिले. पुणे विद्यापीठातील राज्यशास्त्राचे माजी प्राध्यापक सुहास पळशीकर यांचा त्यात मोठा वाटा आहे. या अध्ययनात मतदारसंघ, मतदान केंद्रे आणि मतदारयादीतील नावे पायरीपायरीने यादृच्छिक पद्धतीने निवडली जातात. प्रशिक्षण दिलेले अन्वेषक, बहुधा महाविद्यालयीन विद्यार्थी, घरी जाऊन स्थानिक भाषेत मुलाखत घेतात. मत कोणाला दिले, हे तोंडी सांगावे लागू नये म्हणून नकली मतपत्रिका पेटीत टाकण्याची सोय असते. शहरी साक्षरांकडून मतदारयादीकडे झालेला हा प्रवास भारतीय जनमत पाहणीतील सर्वांत महत्त्वाचा टप्पा मानावा लागेल.

१९७१ आणि १९७७ : सरासरीत लपलेला प्रदेश

राष्ट्रीय सरासरी एखाद्या प्रदेशाविषयी किती कमी सांगते, याचे बोलके उदाहरण तेलंगणाच्या इतिहासात आहे. १९७१ च्या लोकसभा निवडणुकीत इंदिरा गांधींच्या काँग्रेसने देशात ३५२ जागा जिंकल्या. त्याच वेळी तेलंगणातील १४ पैकी १० जागा तेलंगणा प्रजा समितीने मिळविल्या. १९७७ मध्ये चित्र उलटे झाले. आणीबाणीनंतर काँग्रेस देशात १५४ जागांवर घसरली, स्वतः इंदिरा गांधी रायबरेलीत पराभूत झाल्या. पण आंध्र प्रदेशातील ४२ पैकी ४१ जागा काँग्रेसकडे गेल्या. अपवाद फक्त नंद्यालचा, जेथून नीलम संजीव रेड्डी निवडून आले.

आदिलाबादला लागूनच नांदेड आहे. १९५६ पर्यंत दोन्ही जिल्हे हैदराबाद राज्यात होते. राज्य पुनर्रचनेत भैंसा व मुधोळचा भाग नांदेडमधून आदिलाबादकडे आला, तर किनवट आदिलाबादमधून नांदेडकडे गेले. नातेसंबंध, बाजार व भाषा यांनी जोडलेल्या या दोन जिल्ह्यांनी १९७७ मध्ये मात्र वेगवेगळे कौल दिले. आदिलाबाद काँग्रेसकडे राहिले. नांदेडमधून शेतकरी कामगार पक्षाचे केशवराव धोंडगे विजयी झाले.

यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, देशाचा एकच आकडा प्रदेशाप्रदेशांतील भेद झाकतो. दुसरी, मत आणि नेत्याविषयीची पसंती एक नसते. १९७१ मध्ये निवडून आलेली तेलंगणा प्रजा समिती त्याच वर्षी काँग्रेसमध्ये विलीन झाली. म्हणजे तिला मिळालेले मत स्वतंत्र तेलंगणासाठी होते. ते इंदिरा गांधींविषयीच्या नापसंतीचे माप मानता येत नाही. २००४ मध्ये याच्या उलट घडले. पंतप्रधानपदासाठी अटलबिहारी वाजपेयी यांना पाहण्यांत सोनिया गांधींपेक्षा अधिक पसंती होती. तरीही काँग्रेसला १४५ व भाजपला १३८ जागा मिळाल्या आणि सरकार बदलले. निवडणूक निकालावरून नेत्याची लोकप्रियता काढता येत नाही, आणि लोकप्रियतेवरून निकालही सांगता येत नाही. म्हणूनच पाहणीची गरज आहे आणि म्हणूनच तिच्या मर्यादा जाणणेही आवश्यक आहे.

निर्मलच्या वाट्याला किती माणसे?

यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या एक हजार लोकांच्या नमुन्यात चुकीची शक्यता साधारण तीन टक्के इकडेतिकडे असते. देश मोठा असला तरी या हिशेबात फारसा फरक पडत नाही. परंतु हे संपूर्ण नमुन्यापुरतेच खरे आहे. २०११ च्या जनगणनेनुसार भारताची लोकसंख्या १२१ कोटी आणि आजच्या निर्मल जिल्ह्याच्या क्षेत्राची सुमारे ७ लाख ९ हजार होती. या प्रमाणात दहा हजारांच्या राष्ट्रीय नमुन्यात निर्मलच्या वाट्याला सहा माणसे येतात. एक हजारांच्या नमुन्यात एकही पूर्ण माणूस येत नाही. प्रत्यक्षात निवडक मतदारसंघांतच पाहणी होत असल्याने बहुतेक वेळा येथील कोणीच नमुन्यात नसतो.

समाजगटांनाही हाच नियम लागू होतो. देशाच्या लोकसंख्येत मुस्लिमांचे प्रमाण २०११ मध्ये १४.२ टक्के होते. एक हजारांच्या नमुन्यात ते सुमारे १४२ होतात आणि त्यांच्यापुरती चुकीची शक्यता आठ टक्क्यांच्या आसपास जाते. अशा छोट्या संख्येवरून ‘मुस्लिमांचे मत’ असा मथळा देणे शास्त्रीय दृष्ट्या समर्थनीय ठरत नाही. त्यातून तेलंगणातील उर्दूभाषक स्त्रियांविषयी काही सांगणे तर अशक्यच होय.

याखेरीज कोण भेटतो, हाही प्रश्न आहे. निर्मल परिसरातील अनेक पुरुष आखाती देशांत कामाला आहेत. मतदारयादीत नाव असूनही ते घरी भेटत नाहीत. दूरध्वनीवरील पाहणीत घरातील एकच फोन बहुधा पुरुषाच्या हाती असतो. विचारणाऱ्याचे नाव, धर्म व भाषा पाहूनही उत्तर बदलू शकते. नेत्याविषयी नापसंती अनोळखी माणसासमोर सांगण्यास संकोच वाटणारा मनुष्य ‘सांगता येत नाही’ असे म्हणतो. हे मौन म्हणजे अज्ञान नव्हे.

शब्द आणि बेरीज

एकच प्रश्न निर्मलमध्ये किमान तीन भाषांत विचारावा लागतो. मराठीत ‘समाधानी’, उर्दूत ‘मुतमइन’, तेलुगूत ‘संतृप्ति’ हे शब्द जवळचे असले तरी तंतोतंत समान नाहीत; आणि ‘कारभार मान्य आहे का’ हा प्रश्न या तिन्हींहून निराळा आहे. पंतप्रधान कोण व्हावा, हे नावांची यादी वाचून विचारले तर एक उत्तर मिळते; यादी न देता विचारले तर दुसरे.

बेरजेतही फरक पडतो. समजा, शंभर लोकांपैकी २० पूर्ण समाधानी, ३० काहीसे समाधानी, १५ काहीसे असमाधानी, १५ पूर्ण असमाधानी आणि २० निरुत्तर आहेत. नेत्याची मान्यता ५० टक्के म्हणता येईल. निरुत्तर लोक वगळल्यास तीच ६२.५ टक्के होते. केवळ पूर्ण समाधानी धरल्यास २० टक्के, आणि असमाधानी वजा केल्यास अधिक २० उरते. चारही आकडे खरे आहेत. मथळा मात्र निवडणाऱ्याच्या हाती असतो.

निष्कर्ष

मतदानोत्तर चाचण्यांच्या प्रसिद्धीवर २०१० पासून कायद्याने अखेरच्या टप्प्यातील मतदान संपेपर्यंत बंदी आहे. परंतु नेत्यांच्या लोकप्रियतेचे आकडे वर्षभर प्रसिद्ध होतात आणि त्यांची छाननी वाचकालाच करावी लागते. २०२४ मध्ये अनेक चाचण्यांनी सत्ताधारी आघाडीला ३५० हून अधिक जागा दिल्या होत्या. प्रत्यक्षात २९३ मिळाल्या. या अपयशावरून सर्वच पाहण्या निरर्थक ठरविणेही योग्य नाही. निवडणुकांच्या मधल्या काळात सामान्य नागरिकाला सरकारविषयी बोलण्याची ती एक सोय आहे, आणि काळजीपूर्वक केलेली पाहणी त्याचे म्हणणे दिल्लीपर्यंत नेऊ शकते.

सामुदायिक महाविद्यालयांतील अध्यापकांना येथे काम करण्यास वाव आहे. प्रसिद्ध झालेला एखादा आकडा वर्गात ठेवून पाहणी कोणी केली, खर्च कोणी दिला, नमुना कसा निवडला, कोणत्या भाषेत व कोणत्या शब्दांत विचारले, निरुत्तर किती राहिले, हे प्रश्न विद्यार्थ्यांकडून सोडवून घेता येतील. उद्या हेच विद्यार्थी अन्वेषक म्हणून एखाद्या दारावर उभे राहण्याची शक्यता आहे. त्या दाराआड विडी वळत बसलेल्या स्त्रीला तिच्या भाषेत प्रश्न विचारला गेला आणि तिचे उत्तर जसेच्या तसे लिहिले गेले, तरच देशाच्या आकड्यात निर्मलचाही अंश राहील.