काडतुसाचे राजकारण

शिकाऱ्याने रायफल कोणती घ्यावी, या प्रश्नाचे उत्तर शिकारीचे ग्रंथ जनावर पाहून देतात. हरणाला हलकी गोळी, गवा आणि हत्ती यांना जड. रान दाट असेल तर दुनळी, माळ उघडा असेल तर एकनळी. हे सारे खरेच आहे. परंतु हिंदुस्थानातील खाजगी रायफलींचा इतिहास चाळू लागलो, तेव्हा आमच्या ध्यानात आले की, येथे शिकारी आणि जनावर यांच्याखेरीज एक तिसरा पक्ष निवडीला बसलेला असे. तो म्हणजे सरकार. आणि त्याची नजर बंदुकीपेक्षा काडतुसावर अधिक होती.

या नजरेचे मूळ १८५७ मध्ये आहे. ज्या एन्फील्ड रायफलीच्या काडतुसांवरून वणवा पेटला, तिच्या नळीत मळसूत्री खाचा होत्या. त्या गोळीला फिरकी देत आणि नेम दूरवर टिके. बंड मोडल्यावर हिंदी शिपायांसाठी ज्या बंदुका केल्या गेल्या, त्या बाहेरून तशाच, पण आतून गुळगुळीत नळीच्या! पुढे १८७१ पासून गोऱ्या पलटणींना मार्टिनी-हेन्री मिळू लागली, तेव्हा हिंदी पलटणींच्या वाट्याला आधीची स्नायडर आली. पदरच्या शिपायावर एवढाच विश्वास, मग रयतेवर किती असणार? १८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत हत्यारांचा कायदा झाला. परवान्याची अट हिंदी माणसाला, सूट युरोपियनाला. १८८७ च्या मद्रास काँग्रेसने या कायद्याविरुद्ध ठराव केला. तथापि हा वर्णभेद नियमांतून जाण्यास पहिले महायुद्ध व्हावे लागले.

आता गंमत अशी की, हीच भीती पुढे साहेबाच्या स्वतःच्या शिकारखान्यात शिरली. १८९८ मध्ये लंडनच्या रिग्बी कारखान्याने ४५० बोअरचे नवे, बिनधुराच्या दारूचे काडतूस काढले. ४५० म्हणजे नळीचे तोंड इंचाच्या ४५० सहस्रांशांचे. काळ्या दारूच्या अवजड बंदुका खांद्यावर मिरवणाऱ्या शिकाऱ्यांना हे वरदानच वाटले. परंतु मार्टिनी-हेन्रीचे तोंडही त्याच मापाचे होते, आणि वायव्य सरहद्दीवरील टोळ्यांच्या हाती त्या रायफली पुष्कळ होत्या. गव्यासाठी आणलेली गोळी उद्या सोजिरावर सुटली तर? १९०७ च्या सुमारास सरकारने हिंदुस्थानात आणि सुदानात ४५० बोअरला बंदी केली. झाले, कारखानदार कामाला लागले! कोणी ४७०, कोणी ४६५, कोणी ४७६ असे माप काढले. इंचाच्या काही सहस्रांशांचा हा फरक गव्याला समजणे शक्य नव्हते. तो जकात नाक्यावरील अंमलदारासाठी होता.

कुमाऊंच्या जिम कॉर्बेटचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ मध्ये त्याला रिग्बीची २७५ बोअरची रायफल भेट मिळाली. तिचे नाव इंग्रजी; काडतूस मात्र जर्मन मौझरचे. हेच काडतूस बोअर युद्धात बोअरांनी इंग्रजांवर झाडले होते! पण इंग्रजी लष्कराच्या कोठारात त्या मापाची बंदूक नव्हती, म्हणून ते निरुपद्रवी ठरले. कॉर्बेटपाशी जेफरीची जड दुनळीही होती. तरी १९३० साली चौगढची वाघीण अवघ्या काही फुटांवर समोर आली, तेव्हा त्याच्या हाती होती ती ही हलकी २७५. डाव्या हातात पक्ष्याची अंडी होती; उजव्या एका हातानेच त्याने नळी सावकाश वळवली आणि चाप ओढला. दुनळी असती तर ती अशी एका हाताने वळली असती, असे आम्हांस वाटत नाही.

सामान्य परवानेदाराला रिग्बी कुठली परवडणार? लष्कराची थ्री-नॉट-थ्री मजबूत आणि जंगलाला सोसणारी, पण तिचे काडतूस लष्करी म्हणून खाजगी माणसाला वर्ज्य. तेव्हा विलायतेच्या बी.एस.ए. कारखान्याने युक्ती केली. त्याच ली-एन्फील्डच्या यंत्रणेला ३१५ बोअरची नळी बसवली. हे ३१५ चे काडतूस मुळात ऑस्ट्रियाच्या लष्करातील मॅनलिखर रायफलीचे. अर्थात परक्या फौजेचे काडतूस चालत होते, आपल्या फौजेचे मात्र चालत नव्हते.

राज्य गेले, पण माप राहिले. १९५९ चा हत्यारांचा नवा कायदा १९६२ मध्ये अमलात आला, त्यातही लष्करी बोअर वर्ज्यच राहिले. आणि कलकत्त्याजवळील इशापूरच्या सरकारी कारखान्याने नागरिकांसाठी रायफल केली ती ३१५ चीच. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार संपली. वाघ-गव्यासाठी रायफल निवडण्याचा प्रश्नच उरला नाही. परवान्यासाठी अर्ज येतात ते बहुधा स्वसंरक्षणाचे कारण देऊन. सरकारला धोका नको म्हणून निवडलेले हे ३१५ काडतूस आज उत्तर प्रदेशातील पोलिसांच्या पंचनाम्यांत वारंवार आढळते. तिकडच्या चोरट्या भट्ट्यांतले गावठी कट्टे बहुतेक त्याच मापाचे असतात.