पुराना किल्ल्यात कोण राहत होतं?

दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेची सहल दिल्लीला गेली होती. पुराना किल्ल्यात गाईडने पांडवांचे इंद्रप्रस्थ, हुमायूँ आणि शेरशाह अर्ध्या तासात उरकले. मुले बाहेर निघाली तेव्हा मी त्यांना मशिदीसमोर थांबवले आणि म्हणालो, "१९४७ मध्ये या हिरवळीवर हजारो माणसे तंबूत दिवस काढत होती." नववीतल्या एका मुलीने विचारले, "कोण सर? आपले लोक?"

मी पटकन 'हो' म्हणालो. परतीच्या रेल्वेत मात्र ते उत्तर मला टोचत राहिले. ते खोटे नव्हते, पण अर्धे होते.

हा किल्ला कधीच एका कामापुरता राहिलेला नाही. १५३३ मध्ये हुमायूँने इथे 'दीनपनाह' नावाचे शहर वसवायला घेतले. पनाह म्हणजे आसरा. सात वर्षांत शेरशाहने त्याला हरवून दिल्ली घेतली आणि इथे देखणी किला-ए-कुहना मशीद बांधली. हुमायूँ पुन्हा गादीवर आला खरा, पण जानेवारी १५५६ मध्ये शेर मंडलच्या जिन्यावरून पडून वारला. पुढे तटबंदीच्या आत इंद्रपत नावाचे साधे खेडे नांदत होते. इंग्रजांनी नवी दिल्ली उभारताना ते उठवले. दुसऱ्या महायुद्धात मलाया-सिंगापूरकडून पकडून आणलेल्या जपानी नागरिकांना इथेच बंदिवासात ठेवले होते. त्यांत बायका-मुलेही होती.

मग १९४७ साल उजाडले. २३ मार्च ते २ एप्रिल या काळात इथे आशियाई संबंध परिषद भरली. सरोजिनी नायडू अध्यक्ष होत्या, नेहरूंचे भाषण झाले, समारोपाला गांधीजी बोलले. आशिया खंड जागा होतोय, आता आपण सारे शेजारी एकमेकांच्या साथीने चालू, असा त्या मंडपातला उत्साह होता.

सहा महिनेही झाले नाहीत, तोच सप्टेंबरमध्ये त्याच भिंतींच्या आत दिल्लीचे मुसलमान जीव मुठीत धरून येऊ लागले. करोल बाग, पहाडगंज, सब्जी मंडी इथून घरे सोडून आलेली ही माणसे. कुणाला पाकिस्तानला जायचे होते, कुणाला आपल्या गल्लीतच परतायचे होते, पण गल्ली आता आपली राहिली नव्हती. जवळच्या हुमायूँच्या मकबऱ्यातही अशीच छावणी होती. १३ सप्टेंबरला गांधीजी पुराना किल्ल्यात या लोकांना भेटायला आले.

या छावण्यांत काम करणाऱ्या अनीस किदवई यांनी 'आजादी की छाँव में' हे पुस्तक उर्दूत लिहिले. त्यांचे पती शफी अहमद किदवई यांची त्याच दंगलींच्या काळात मसुरीत हत्या झाली होती. दुःख घेऊन त्या गांधीजींकडे गेल्या आणि त्यांच्या सल्ल्यावरून छावणीत कामाला लागल्या. पुस्तकात त्या मुसलमानांचे हाल सांगतात, तशाच पळवून नेलेल्या हिंदू-शीख मुलींबद्दलही त्याच कळकळीने लिहितात. स्वतःचे घर उद्ध्वस्त झालेल्या बाईने हे लिहिलेय, म्हणून मी ते पुस्तक मुलांना आवर्जून सांगतो.

छावणीतले मुसलमान गेले. काही रेल्वेने सीमेपलीकडे, काही परत शहरात. मग त्याच किल्ल्यात पश्चिम पंजाबातून लुटून, पळून आलेले हिंदू आणि शीख राहिले. तेच दरवाजे, तोच तट, तीच थंडी. माझ्या 'हो' मध्ये ही माणसे नव्हती.

नंतर जागेने पुन्हा रूप बदलले. १९५४-५५ मध्ये आणि पुढे १९६९ ते १९७३ दरम्यान उत्खनन झाले. १९५९ मध्ये शेजारी प्राणिसंग्रहालय सुरू झाले. १९७४ मध्ये पुण्यात जन्मलेल्या इब्राहिम अल्काझींनी गिरीश कार्नाडांचे 'तुघलक' याच भग्न भिंतींपुढे सादर केले. दिल्लीकरांना उठवून दौलताबादला नेणाऱ्या सुलतानाचे ते नाटक. मी दौलताबादच्या परिसरातला माणूस आहे, लहानपणापासून तो किस्सा हसण्यावारी ऐकत आलो. पण जिथे खरोखर घरे सुटलेली माणसे बसून होती, तिथे ते नाटक पाहणाऱ्यांना हसू आले असेल का?

जागा बदलतात याचे मला वाईट वाटत नाही. तिथे आज मुले पळतात, कुटुंबे डबे उघडून बसतात, हे चांगलेच आहे. काळजी वेगळी आहे. राजांची नावे राहतात आणि आसऱ्याला आलेली माणसे पुसली जातात. आठवण काढायची वेळ आली, की आपणही आपापलीच माणसे मोजतो. एकजण सप्टेंबरची छावणी सांगतो, दुसरा नंतरची.

सहलीनंतरच्या पहिल्याच तासाला मी वर्गात उत्तर दुरुस्त केले. म्हणालो, "आधी मुसलमान राहिले, मग हिंदू आणि शीख. दोन्ही आपलेच लोक."

ती मुलगी म्हणाली, "मग गाईडने का नाही सांगितलं?"

"त्याला कुणी विचारलं नसेल," मी म्हणालो. "पुढच्या वेळी आपण विचारू."