घरातील प्रवाळ टाकी : पाणी भरण्यापूर्वी काय ठरवावे?

गोड्या पाण्यातील मत्स्यपेटी मराठी मध्यमवर्गीय घरांना नवी नाही. काचेपलीकडचा समुद्र पाहण्याची हौसही जुनीच आहे. १९५१ साली मुंबईत मरिन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडले, तेव्हापासून कित्येक पिढ्यांनी ती अनुभवली. आता हाच समुद्र जिवंत प्रवाळांसह दिवाणखान्यात आणण्याची इच्छा अनेकांना होते. तांत्रिकदृष्ट्या ते शक्यही आहे. मात्र अशा टाक्यांच्या अपयशाचे मूळ बहुधा माशांच्या निवडीत नसते. पाणी भरण्यापूर्वी घ्यावयाचे निर्णय घाईने घेतलेले असतात किंवा घेतलेलेच नसतात, हे खरे कारण होय. घराची स्लॅब, पाण्याची सोय, विजेचा मीटर आणि कायदा या चार गोष्टींचा हिशेब आधी मांडला, तर पुढचे काम पुष्कळ सोपे होते.

या लेखात सहा फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट उंच अशी टाकी नमुना म्हणून घेतली आहे. मोठ्या पाण्यात तापमान व क्षारता हळूहळू बदलतात, ही मोठ्या टाकीची जमेची बाजू. पण तिच्यातील प्रत्येक चूकही त्याच प्रमाणात मोठी व महाग ठरते. दोन फुटांपेक्षा अधिक खोली घेऊ नये, कारण तळापर्यंत हात न पोहोचल्यास साफसफाई अवघड होते.

वजनाचा हिशेब

अशा टाकीत काठोकाठ सुमारे ६८० लिटर पाणी मावते. खाऱ्या पाण्याचे वजन लिटरला सुमारे १.०२५ किलो असते, म्हणजे केवळ पाणीच सातशे किलोच्या घरात गेले. बारा ते पंधरा मिलिमीटर जाडीच्या काचेचे सव्वाशे ते दीडशे किलो, खडक व वाळू, स्टँड आणि खालची गाळण टाकी धरून एकूण भार सुमारे बाराशे किलो होतो. हा सारा भार जेमतेम १.१ चौरस मीटर जागेवर येतो.

भारतीय मानकानुसार निवासी खोल्यांची स्लॅब सर्वसाधारणपणे चौरस मीटरला सुमारे २०० किलो इतका समान पसरलेला वापरभार गृहीत धरून आखली जाते. टाकीखालचा भार त्याच्या पाचपट भरतो. याचा अर्थ स्लॅब खचेलच असा नाही, कारण संपूर्ण खोलीचा भार एकत्रितपणे विचारात घ्यावा लागतो. तथापि हा निर्णय अंदाजाने घेण्याचा नव्हे. इमारतीचे नकाशे दाखवून स्ट्रक्चरल इंजिनीअरचा लेखी सल्ला घ्यावा. टाकी भिंतीलगत, तुळईच्या आधाराजवळ ठेवावी. बाहेर झुकलेल्या बाल्कनीत ती कदापि ठेवू नये. जुन्या इमारतीत तळमजला नसेल, तर लहान टाकीवर समाधान मानणे श्रेयस्कर.

टाकी आणि तिची खालची जोडीदार

प्रवाळ टाकीचे निम्मे यंत्र नजरेआड असते. वरच्या टाकीतील पाणी कडेच्या कप्प्यातून खालच्या टाकीत उतरते, तेथे गाळले जाते आणि पंपाने पुन्हा वर चढते. काचेतील छिद्रे टाकी बांधतानाच पाडून घ्यावीत. मुख्य उतारनळीखेरीज एक रिकामी, आपत्कालीन नळी असावी, म्हणजे एखादी गोगलगाय नळीत अडकली तरी पाणी जमिनीवर सांडत नाही.

वीज गेल्यावर वरच्या टाकीतील पृष्ठभागाचे पाणी खाली उतरतच राहते. नमुन्यातील टाकीत केवळ तीन सेंटिमीटर पाणी उतरले तरी ते सुमारे तेहतीस लिटर होते, शिवाय नळ्यांतील पाणी वेगळे. म्हणून खालच्या टाकीत तेवढी जागा नेहमी मोकळी ठेवावी. मासे आणण्यापूर्वी वीज मुद्दाम बंद करून ही परीक्षा दोन-तीन वेळा घ्यावी.

पाणी : नळाचे नव्हे, समुद्राचेही नव्हे

मुंबईच्या किनाऱ्यावरून पाणी भरून आणावे, असे अनेकांना वाटते. शहरालगतचे पाणी प्रदूषित असते आणि पावसाळ्यात त्याची क्षारताही घटते, त्यामुळे हा मार्ग टाळावा. नळाच्या पाण्यातील क्लोरिन व इतर घटकही प्रवाळांना मानवत नाहीत. आरओ यंत्राला शेवटी डीआय रेझिनची जोड देऊन विरघळलेले क्षार जवळपास शून्यावर आणलेले पाणी वापरावे. पिण्याच्या पाण्याचे घरगुती आरओ यंत्र येथे पुरेसे नाही. चवीसाठी अनेक यंत्रांत खनिजे मुद्दाम शिल्लक ठेवलेली असतात.

या पाण्यात कृत्रिम सागरी मीठ मिसळून क्षारता हजारी ३५, म्हणजेच विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२५ ते १.०२६ राखावे. एकूण आठशे लिटर पाण्यासाठी पहिल्या भरणीलाच अठ्ठावीस ते तीस किलो मीठ लागते. पंधरवड्याला दहा टक्के पाणी बदलायचे, तर दर वेळी ऐंशी लिटर पाणी तयार ठेवावे लागते. त्यासाठी पिंप ठेवण्याची जागा आधीच राखावी. आरओमधून वाया जाणारे पाणी फरशी पुसण्यास वापरता येते.

बाष्पीभवनाने पाणी उडते, मीठ मागे राहते. म्हणून रोजची घट गोड्या शुद्ध पाण्यानेच भरून काढावी. हे काम आपोआप करणारा संवेदक ही चैन नसून गरज आहे.

उष्णता हाच मोठा शत्रू

प्रवाळ ही वनस्पती नसून प्राणी आहे. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते आणि प्रकाशातून तयार केलेले अन्न यजमानाला पुरवते. पाणी दीर्घकाळ तापले की ही भागीदारी मोडते, शैवाल बाहेर टाकले जाते आणि प्रवाळ पांढरे पडते. १९९८ साली लक्षद्वीपच्या प्रवाळांवर असाच आघात झाला होता. समुद्रात घडते ते टाकीत काही दिवसांत घडू शकते.

तापमान २५ ते २७ अंश सेल्सिअस राखावे. पाण्यावर पंखा सोडल्यास बाष्पीभवनामुळे ते दोन-तीन अंशांनी उतरते. परंतु कोकणपट्टीच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, या उपायाचा जोर ओसरतो. म्हणून मुंबई-ठाण्यात चिलर गृहीत धरूनच अंदाजपत्रक करावे. चिलर पाण्यातील उष्णता खोलीत सोडतो, त्यामुळे तो बंद कपाटात न ठेवता हवेशीर जागी ठेवावा.

प्रकाश, प्रवाह व गाळणी

पूर्वी वापरात असलेले मेटल हॅलाइड दिवे पाणी तापवीत. आज निळसर-पांढऱ्या एलईडी दिव्यांनी तो प्रश्न बराच सुटला आहे. दिवसातून आठ ते दहा तास प्रकाश पुरतो. नवे प्रवाळ आणल्यावर प्रकाशाची तीव्रता हळूहळू वाढवावी. मऊ प्रवाळांसाठी टाकीतील अंतर्गत प्रवाह ताशी पाण्याच्या दहा ते वीसपट असावा, कठीण शाखायुक्त प्रवाळांसाठी त्याहून अधिक. एका बाजूने सतत धार लागण्यापेक्षा लाटेसारखा दिशा बदलणारा प्रवाह उत्तम.

गाळणीचे मुख्य काम खडक करतो. इंडोनेशियातील ली चिन एंग यांनी १९६१ साली जिवंत खडक व हवेचे बुडबुडे एवढ्यावर प्रवाळ टाकी चालवण्याची पद्धत मांडली. पुढे बर्लिन पद्धतीने त्याला प्रोटीन स्किमरची जोड दिली. हे यंत्र फेसाबरोबर सेंद्रिय मळ कुजण्याआधीच बाहेर काढते. खडकांच्या छिद्रांत वाढणारे जीवाणू विषारी अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये व नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. ही साखळी तयार होण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. या काळात टाकीत मासे सोडू नयेत.

कठीण प्रवाळ सांगाडा घडवण्यासाठी पाण्यातून कॅल्शियम व कार्बोनेट खेचतात. कॅल्शियम लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम १२५० ते १३५० मिलिग्रॅम आणि अल्कता ८ ते ९ डीकेएच ठेवावी. आकड्यापेक्षा स्थैर्य महत्त्वाचे. रोजच्या भरपाईच्या पाण्यात शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइडची, म्हणजे चुन्याच्या निवळीची, संथ धार देण्याचा मार्ग जुना व स्वस्त आहे. मात्र ही निवळी तीव्र अल्कधर्मी असते. ती थेंबाथेंबानेच द्यावी आणि पानाचा चुना त्यासाठी वापरू नये.

विजेचा मीटर

दिवे ३५० वॉट व नऊ तास, पंप १५० वॉट व अहोरात्र, स्किमर ४० वॉट, आणि चिलर ५०० वॉट व दिवसाकाठी दहा तास असे धरल्यास रोज सुमारे पावणेतेरा, तर महिन्याला ३८० युनिट होतात. घरातील नेहमीच्या वापरात ही भर पडून दराचा वरचा टप्पा लागू होतो, हे ध्यानात ठेवावे.

खारे पाणी विजेचे उत्तम वाहक आहे. टाकीच्या जोडणीला ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी संरक्षण अनिवार्य समजावे. प्रत्येक वायर बटनाच्या पातळीखाली झोळ देऊन मग वर न्यावी, म्हणजे ओघळणारे पाणी प्लगपर्यंत पोहोचत नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज कित्येक तास गेली होती. अशा वेळी मासे थंडीने वा अंधाराने मरत नाहीत, प्राणवायूअभावी मरतात. म्हणून इन्व्हर्टरवर दिव्यांऐवजी प्रवाहपंप जोडावा आणि बॅटरीवरचा हवापंप हाताशी ठेवावा.

कायदा आणि खरेदी

भारतीय समुद्रातील प्रवाळ तोडणे वा विकणे हा गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ व समुद्रपंखे यांचा समावेश झाला. समुद्रघोडेही संरक्षित आहेत. मुंबईच्या सागरी किनारा रस्त्याच्या कामात २०२० साली वरळी व हाजी अली येथील प्रवाळ हलवण्यासाठी महापालिकेलाही या कायद्यानुसार परवानगी घ्यावी लागली होती. कठीण प्रवाळ 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत आणि २०२२ च्या दुरुस्तीने अशा जिवंत प्राण्यांची नोंदणी बंधनकारक केली आहे. दुकानदाराचे तोंडी आश्वासन येथे उपयोगी पडत नाही. आयातीची कागदपत्रे मागावीत आणि शंका असल्यास वनविभागाकडे विचारणा करावी.

नवशिक्याने साइट्सच्या यादीत नसलेल्या, कलमांपासून वाढवलेल्या मऊ प्रवाळांपासून आरंभ करावा. मासेही शक्यतो पैदास केंद्रातील घ्यावेत. विदूषक माशांच्या पैदाशीचे तंत्र केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने आपल्याकडे विकसित केले आहे. प्रत्येक नवा मासा काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा. तांबेयुक्त औषध तेथेच द्यावे, कारण मुख्य टाकीत तेच औषध प्रवाळ व कोळंबी यांचा जीव घेते.

थोडक्यात, पहिल्या महिन्यात इंजिनीअर व वायरिंग, दुसऱ्यात टाकी व गळतीची परीक्षा, त्यानंतर दीड महिना केवळ खडक आणि पाणी, आणि मग एकेक करून जीव, असा क्रम ठेवावा. पहिल्या वर्षात दहा-बारा लहान मासे पुरेत. रिकाम्या खडकांकडे सहा आठवडे पाहत बसण्याचा संयम ज्याच्यापाशी नाही, त्याने ही टाकी घेऊ नये. आणि वरीलपैकी एखादा हिशेब जुळत नसेल, तर तो कागदावर असतानाच कळणे हे मालकाच्या आणि त्या मुक्या जीवांच्याही हिताचे आहे.