उघडं इंजिन

मोटारसायकलचा इतिहास लिहायला घेतला की लेखणी आपोआप कारखान्याच्या फाटकाकडे वळते. मद्रासजवळच्या तिरुवोत्तियूरची एन्फिल्ड इंडिया १९५५ ची. म्हैसूरच्या आयडियल जावाची गाडी १९६१ मध्ये रस्त्यावर आली आणि १९७३ पासून ती येझ्दी या नावाने धावू लागली. एस्कॉर्ट्सची राजदूत पोलंडच्या एसएचएल गाडीवरून बेतलेली होती, तर फिरोदियांची लुना १९७२ ची, आपल्या नगरची. या यादीत परभणी कुठेच बसत नाही. जिल्ह्यात ना दुचाकीचा कारखाना झाला, ना शर्यतींचं नाव झालं. तरीही या जिल्ह्याला मोटारसायकलचा स्वतःचा असा इतिहास आहे. मात्र तो शोधायला शोरूमच्या काचेआड न बघता गॅरेजच्या ओट्यावर बसावं लागतं. माझं म्हणणं थोडक्यात असं, की परभणीसारख्या भागात गाडीचा शौक वेगातून आला नाही, बिघाडातून आला. इंजिन उघडं पडलं, चार माणसं भोवती जमली, ज्याने त्याने आपल्या गाडीचं दुखणं सांगितलं, आणि त्या सांगण्याऐकण्यातूनच गाडीबद्दलची समज आणि माया तयार झाली.

याचं पहिलं कारण पायाखाली आहे. गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या खोऱ्यातली काळी माती कापसाला चांगली, चाकाला वैरीण. पावसाळ्यात ती चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये अशी भरते की चाक फिरेनासं होतं आणि काडीने किंवा खुरप्याने उकरत बसावं लागतं. निजामाच्या राज्यात १९०० मध्ये मनमाड ते सिकंदराबाद अशी रेल्वे परभणीवरून गेली, १९३२ मध्ये निजाम स्टेट रेल्वेने २७ गाड्यांनिशी बससेवाही सुरू केली. पण रूळ आणि बस दोन्ही मोठ्या गावांपुरते. गंगाखेड, जिंतूर, पाथरीच्या आतली गावं बैलगाडीवर आणि पायांवरच अवलंबून राहिली. पुढे १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर रोजगार हमीच्या कामांवर हजारो हातांनी खडी फोडली आणि गावोगावचे मातीकाम-मुरमाचे रस्ते झाले. दुष्काळात फोडलेल्या त्या खडीवरून पुढच्या दशकात दुचाकी गावात शिरली, हे आपण फारसं लक्षात घेत नाही. रस्ता असा होता की बस दिवसातून एखादी फेरी करील, मोटार परवडणार नाही, सायकल दमवील. उरली फटफटी. असल्या रस्त्यावर ती बिघडणार हेही तिच्याबरोबरच आलं.

ती बिघडल्यावर न्यायची कुणाकडे? इथे एक गैरसमज दूर करायला हवा. गॅरेज ही शहरातून आयती आलेली चीज आहे असं सहसा मानलं जातं, पण खेड्यातल्या यंत्रदुरुस्तीची परंपरा त्याहून जुनी आहे. बैलगाडीच्या चाकाला तापवलेली लोखंडी धाव चढवणं, आरे बदलणं, कण्याला वंगण घालणं ही सुतार-लोहाराची कामं होती. बलुत्याच्या व्यवस्थेत त्यांचा मोबदला दर कामामागे नव्हता, सुगीला धान्यात मिळे. नंतर विहिरीवरची मोट जाऊन ऑइल इंजिन आलं. पुण्याची किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ ची. सेलू-मानवतसारख्या कापसाच्या पेठांत जिनिंगची यंत्रं आधीपासून होती. म्हणजे मोटारसायकल खेड्यात पोचली तेव्हा नोझल, पिस्टन, रिंग हे शब्द शिवाराला अगदीच परके नव्हते. जुन्या व्यवस्थेची एक सवयही गॅरेजात टिकली: उधारी कापूस विकल्यावर फिटायची. फरक एवढाच की बलुतेदाराचं काम जातीने ठरत होतं, गॅरेजात मात्र मोमीनपुऱ्यातला पोरगा आणि मराठ्याचा पोरगा एकाच उस्तादाच्या हाताखाली पाना धरू शकत होते. भाषाही तिथे अशीच मिसळली. हैदराबाद संस्थानाची राजभाषा उर्दू. १९४८ मध्ये संस्थान गेलं, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, पण गॅरेजची बोली दख्खनीच राहिली. मिस्त्री हा शब्द पोर्तुगीज मुळाचा, उस्ताद फारसी, कारबोरेटर आणि शॉकअप इंग्रजी, आणि ‘गाडी मिसिंग मारायलीय’ हे वाक्य अस्सल मराठवाडी. भाषाशुद्धीच्या कैवाऱ्यांनी या वाक्याचं काय करायचं ते ठरवावं. परभणीत त्याच्याशिवाय गाडी दुरुस्त होत नाही.

आता मुख्य मुद्दा. साठच्या दशकापासून नव्वदीपर्यंतच्या गाड्यांची रचनाच अशी होती की दुरुस्तीचं ज्ञान एकाच्या खिशात राहणं शक्य नव्हतं. बाजारात मोजकीच मॉडेलं, आणि ती वर्षानुवर्षं जवळजवळ तशीच. त्यामुळे एकाची तक्रार ती दुसऱ्याचीही तक्रार. दोन स्ट्रोकच्या गाड्यांत इंजिनचं वंगण पेट्रोलमध्येच मिसळावं लागे. ऑइल कमी पडलं तर पिस्टन जाम, जास्त पडलं तर प्लग काळा आणि सायलेन्सरमध्ये कार्बन. हे प्रमाण ज्याला साधलं त्याचा सल्ला गावभर चाले. काढलेल्या प्लगच्या टोकाचा रंग बघून इंजिनाच्या पोटातलं ओळखायचं: विटकरी असेल तर बरं, काजळी असेल तर पेट्रोल जास्त, पांढुरका असेल तर इंजिन तापतंय. डॉक्टर जीभ बघतो, तसंच हे. येझ्दीचा किक मारायचा आणि गिअर टाकायचा दांडा एकच, तर बुलेटला गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या. बुलेटला ॲमीटरचा काटा बघून, डीकॉम्प्रेसर दाबून, पिस्टन नेमक्या जागी आणून मग किक मारायची, नाहीतर किक उलटी येऊन नडगी फोडणार. बुलेटचे आटे इंग्रजी मापाचे आणि येझ्दीचे मिलिमीटरचे, त्यामुळे एकाचे पाने दुसरीला बसत नसत. म्हणून बुलेटचा मिस्त्री आणि येझ्दीचा मिस्त्री असे दोन पंथच पडले, आणि मालकही आपापल्या पंथाचे अभिमानी झाले. पॉइंटमधली फट जेमतेम ०.४ मिलिमीटरची. फीलर गेज नसेल तर मिस्त्री पोस्टकार्डाची जाडी वापरून ती बसवी. सुटे भाग हैदराबाद, औरंगाबाद किंवा नांदेडहून येईपर्यंत दिवस जात. तोवर लेथवाल्याकडून बुश कातून घे, दुसऱ्या गाडीचा वायसर घासून बसव, असं चाले. त्या वाट बघण्याच्या दिवसांत ओट्यावर बसणाऱ्यांना इंजिनाचा नकाशा पाठ होई. टंचाईने माणसं हतबल झाली हे खरं, पण त्याच टंचाईने ती जाणकारही झाली.

यावर एक सरळ आक्षेप येईल. याला शौक कसं म्हणायचं? ही गरज झाली. पुण्या-मुंबईत बुलेटचे क्लब आहेत, जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझ्दीवाले आपापल्या गाड्या पुसून-लकाकवून जमतात, कुणी लडाखला जाऊन येतो. तो शौक. परभणीचा शेतकरी किंवा मास्तर गॅरेजात बसतो तो नाइलाजाने. आक्षेपात तथ्य आहे, पण गरज संपल्यावरही जे उरतं त्याला काय म्हणणार? गाडी सुरू झाली की काम संपलं, पण ओट्यावरची माणसं उठत नाहीत. आता चर्चा असते अ‍ॅव्हरेजची: कुणाची राजदूत लिटरला किती देते, कुणाच्या गाडीचा आवाज ‘गोल’ आहे, कुणाचं इंजिन कुणी बांधलं. १९७३ च्या ‘बॉबी’ चित्रपटानंतर राजदूतच्या छोट्या जीटीएस गाडीला लोक बॉबीच म्हणू लागले, आणि तिच्या मालकाला गरजेपेक्षा मिजास अधिक होती. १९८५ मध्ये आलेल्या यामाहा आरएक्स १०० चा सायलेन्सरचा आवाज डोळे मिटून ओळखणारे कान कुठल्या गरजेतून तयार झाले? खंडेनवमीला आणि दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार पडतो, पोळ्याला बैलाला झूल पडते तशीच. बैल उपयोगाचा म्हणून त्याच्यावर माया नसते असं कुठला शेतकरी म्हणेल? उपयोग आणि शौक वेगळे काढण्याची रीत ज्यांच्याकडे दोन गाड्या असतात त्यांची आहे.

उलट ज्या गाडीने ही गरज संपवण्याचं आश्वासन दिलं तिच्याकडे बघा. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली. चार स्ट्रोक, ९७ सीसी, ऑइल मिसळायची कटकट नाही. टाकी भरा, झाकण लावा आणि विसरून जा, असा तिच्या जाहिरातीचा आशय होता. १९९४ च्या स्प्लेंडरने तर मराठवाड्याच्या खेड्यांत ठाणच मांडलं. पुढे २००० च्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तसा दोन स्ट्रोकचा धूर विरला. गाड्या कमी बिघडू लागल्या, आणि हा मोठाच लाभ होता. रात्री दवाखान्यात निघालेल्या माणसाला प्लगच्या रंगाचं कौतुक नसतं. पण ‘विसरून जा’ हा सल्ला परभणीने पूर्ण मानला नाही. फुकटच्या सर्व्हिसिंगचे हप्ते संपले की गाडी आपल्या नेहमीच्या मिस्त्रीकडेच येई, कारण स्प्लेंडरचं इंजिनही साध्या पान्यांनी उघडत होतं. टॅपेट सेट करणं, कारबोरेटर साफ करणं, चेन-सॉकेट बदलणं हे सारं ओट्यावरच. मॉडेल बदललं, ओटा बदलला नाही.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे, आणि तो टाळण्यासारखा नाही. ओट्याची ही शाळा सगळ्यांची नव्हती. तिथे शिकायला आलेला पोरगा बहुधा शाळा सुटलेला असे. दोन-चार वर्षं झाडलोट, चहा आणि रॉकेलमध्ये पार्ट धुणं, मग कुठे पाना हाती. १९८६ च्या बालकामगार कायद्याखालच्या बंदी असलेल्या धंद्यांच्या यादीत मोटार गॅरेजही आलं, ते उगाच नाही. बायकांना तर त्या ओट्यावर जागाच नव्हती. लुनेमुळे आणि पुढे स्कूटीमुळे बाईच्या हाती गाडी आली, पाना आला नाही. जुगाडाने काही ब्रेक कायमचे ढिले राहिले, नकली पार्टांनी इंजिनं खाल्ली, आणि फटाके फोडणाऱ्या सायलेन्सरने शेजाऱ्यांची झोप खाल्ली. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनाजोगे बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठासून सांगितलं. हे सगळं मान्य. पण यातला एकही दोष ज्ञान सामायिक होतं म्हणून आलेला नाही. ते पुरेसं सामायिक नव्हतं, म्हणून आले. बाई आणि शाळकरी पोर ओट्यावर नव्हती ही त्या ओट्याची उणीव. यावरचा उपाय ओटा मोडणं हा नाही, आयटीआयच्या वर्गापर्यंत आणि मुलींपर्यंत तो रुंद करणं हा आहे.

खरा बदल १ एप्रिल २०२० ला आला. बीएस-६ च्या नियमांनी कारबोरेटर जवळजवळ संपवला आणि त्याच्या जागी फ्युएल इंजेक्शन, सेन्सर आणि छोटा संगणक बसला. पूर्वी मिसिंग कानाने पकडली जात होती, आता स्कॅनर लावून कोड वाचावा लागतो. कोड कंपनीचा, यंत्र महाग, माहिती बंद. हवा स्वच्छ होण्यासाठी हा बदल हवाच होता. पण प्रदूषण कमी करायला इंजेक्शन लागतं, म्हणून त्याची माहितीही कुलुपात ठेवावी लागते, हे कुठून आलं? मोटारींच्या बाबतीत हा प्रश्न आधीच विचारला गेला आहे. स्वतंत्र गॅरेजांना सुटे भाग आणि तपासणीची साधनं मिळू देत नाहीत म्हणून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि तिच्यासमोरच्या क्षेत्रांत वाहनं आणि शेती अवजारंही घेतली. दिल्लीत या हक्काला आता नाव मिळालं. गंगाखेडच्या किंवा पूर्णा गावच्या गॅरेजात तो नाव नसताना तीन पिढ्या वापरात होता.

ओट्यावरची बोली मात्र अजून जुन्याच गाड्यांची आहे. जुन्या गाडीच्या टाकीखाली पेट्रोलचा कॉक असे. गाडी रस्त्यात आचके देऊ लागली की चालत्या गाडीवर डावा हात खाली घालून तो रिझर्व्हवर फिरवायचा. रिझर्व्हही संपलं तर गाडी डावीकडे आडवी करायची, उरलेलं पेट्रोल एका बाजूला ओढायचं आणि पंपापर्यंत पोचायचं. नव्या गाडीला कॉक नाही. २०२२ मध्ये येझ्दी पुन्हा बाजारात आली, तिला तर किकही नाही. पेट्रोल संपत आलं की मीटरवर एक ठिपका लुकलुकतो, आणि तो बघून जिंतूरच्या रस्त्यावरचा विशीतला पोरगा मागे बसलेल्याला सांगतो, गाडी रिझर्व्हला लागली.