शब्दवेध : पाव

नगरकडच्या आठवडे बाजारात ‘पाव’ तीन अर्थांनी कानावर पडतो. बेकरीतला लादीपाव, तराजूतली पावशेर मिरची आणि पाथर्डीजवळच्या मोहटादेवीला जाऊन आलेल्यांच्या तोंडचं ‘देवी पावली’. उच्चार एक, पण कुळं तीन.

तोलातला पाव संस्कृत ‘पाद’वरून, म्हणजे चौथा भाग. चार आण्यांची पावली, पाढ्यांतली पावकी, पाऊण आणि सव्वा ही त्याचीच भावंडं. ‘पावशेर मारून आलाय’ म्हटलं की मात्र दारूच समजायची. नवसाला पावणं आलं ‘प्राप्’ या धातूतून.

खायचा पाव पोर्तुगिजांचा. १५१० साली त्यांनी गोवा घेतला आणि पुढे हा शब्द कोकणी-मराठीत रुळला. पीठ पायांनी तुडवतात म्हणून पाव, ही व्युत्पत्ती लोकप्रिय आहे, पण खरी नाही. मूळ आहे लॅटिन ‘पानिस’. जपानी भाषेतला ‘पान’ही पोर्तुगिजांकडूनच गेला. एका ताटातली भाकरी वाटून खाणारे ते सोबती, या अर्थाने ‘कंपनी’ हा शब्दही त्याच मुळातून फुटला.

याच शब्दाने माणसं दुखावलीही. विहिरीत पाव पडला की पाणी पिणारे बाटले, अशी समजूत होती. मुंबईत गोव्याच्या ख्रिस्ती माणसाला ‘मकापाव’ म्हणून हिणवलं जाई. आज वडापाव आणि मिसळपाव साऱ्या महाराष्ट्राचे झाले आहेत. पाव आपण स्वीकारला, आता ती हेटाळणी कायमची टाकून द्यायला हवी.